माळ कुणाचा? मेंढरं, खाणी आणि सातबाऱ्यावर नसलेली बाई

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष ज्या नावांनी जाहीर केलं आहे त्यातली दोन इथे महत्त्वाची. एक, कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष; दुसरं, शेतकरी स्त्रीचं आंतरराष्ट्रीय वर्ष. पहिल्याचा प्रस्ताव मंगोलियाने मांडला होता. दोन्ही वर्षं एकत्र आली हे फार बरं झालं, कारण या दोन नावांच्या मधोमध जी बाई उभी आहे ती एरवी कुठल्याच यादीत सापडत नाही. मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबातली बाई. नावावर जमीन नाही म्हणून तिला शेतकरी म्हणत नाहीत, आणि काठी घेऊन कळपामागे नवरा जातो म्हणून मेंढपाळही म्हणत नाहीत.

सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत अशी हजारो घरं आहेत. त्यांच्या चराईच्या माळावर गेल्या काही वर्षांत दगडखाणी आणि खडी क्रशर उभे राहताहेत, कुठे मुरमासाठी टेकड्या निम्म्या कापल्या गेल्या आहेत. महामार्ग झाले, कालवे झाले, घरं झाली. त्या सगळ्याला दगड लागतो आणि तो कुठून तरी येणारच. मला विचारायचं आहे ते एवढंच: तो जिथून येतो तिथे आधी काय चालत होतं, ते काम कोण करत होतं आणि त्याची नोंद कुठे आहे? या लेखात मी तो कागदोपत्री गुंता होईल तितका सुटा करून सांगतो.

माळ रिकामा का दिसतो

महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, म्हसवड-आटपाडीकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. चिखलात राहिली की खुरं कुजतात, लोकर भिजून अंगावर जड होते, कोकरं गारठून दगावतात. म्हणून पावसाळ्यात कोरड्या मुलखात राहायचं आणि पाऊस सरला की ओल्या मुलखात उतरायचं, हे चक्र मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या बसवलं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे हलतात. कुणी कृष्णा-कोयनेच्या काठाने उसाच्या पट्ट्यात जातं, कुणी घाट उतरून कोकणात. मृगाच्या आधी सगळे माघारी.

म्हणजे माणदेशातला माळ जून ते सप्टेंबर गजबजलेला असतो आणि मग सात-आठ महिने ओस. कुसळी आणि पवन्याचं गवत पावसावर येतं ते त्याच चार महिन्यांत. या दिवसांत चराईची किती ओढाताण होते हे सरकारलाही ठाऊक आहे: मेंढपाळांसाठीच्या महामेष योजनेत चराई अनुदान आहे ते नेमकं जून ते सप्टेंबरचंच.

आता खाणीची जागा पाहायला माणसं कधी येतात? बहुधा रस्ता वाळलेला असताना, हिवाळ्या-उन्हाळ्यात. तेव्हा माळावर ना मेंढरू असतं ना माणूस. गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली खडक उघडा. पंचनाम्यात लिहिलं जातं: पडीक, खडकाळ, पोटखराबा. लिहिणारा खोटं लिहीत नाही, त्याला त्या दिवशी जे दिसलं ते तो लिहितो. पण त्याच जागी ऑगस्टमध्ये कुणी उभं राहिलं असतं तर त्याने दुसरंच काही लिहिलं असतं. या विषयातली निम्मी गुंतागुंत मला या एका गोष्टीत दिसते. शेतकऱ्याची जमीन वर्षभर त्याच्या नावाने तिथे असते. मेंढपाळाची जमीन ऋतूपुरती असते, आणि ऋतूची नोंद करायला सातबाऱ्यावर रकाना नाही.

वाड्यावरचं काम

फिरतीवरच्या मेंढपाळांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. पाच-दहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या. शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, रात्रभराच्या लेंडी-मुताने जमिनीला खत मिळतं, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे. हा व्यवहार शेतकऱ्याशी ठरवतो तो वाड्यातला पुरुष. बाहेरच्याला वाड्याचा दिसणारा भाग एवढाच.

आतला भाग पहाटे सुरू होतो. मेंढरं उठायच्या आधी बाई उठलेली असते. वाघरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं सोडून आयांना पाजायला लावायची. जी आई कोकरू घेत नाही तिला धरून ठेवायची. लंगडं, अशक्त कोकरू वेगळं काढायचं. शेळ्यांच्या धारा काढायच्या. चुलीवर भाकरी. तळ हलवायचा दिवस असला की भांडी, वाकळा, घोंगड्या, वाघरी, पिठाचं गाठोडं, सगळं आवळून घोड्यावर लादायचं, त्यावर डालग्यात कोंबड्या आणि वर चालता न येणारी कोकरं. लहान पोर कडेवर. गडी मेंढरं घेऊन चरत-चरत लांबच्या वाटेने येतात. बाया घोडी घेऊन जवळच्या वाटेने पुढच्या तळावर पोचतात आणि मेंढरं येईपर्यंत पाणी, सरपण, चूल, वाघर सगळं मांडून ठेवतात.

पाणी कुठे आहे, कुठल्या विहिरीचा मालक भरू देतो, कुठल्या ओढ्याला फेब्रुवारीतही डबकं टिकतं, कुठली बोर-बाभळ करडांना टाकायला बरी, कुठल्या गावच्या बाजारात कोंबडी-अंडी खपतात, हे सगळं ज्ञान बायांच्या डोक्यात असतं. आता बऱ्याच घरांत शाळेसाठी मुलं गावी ठेवतात आणि त्यांच्यासोबत म्हातारी माणसं आणि एखादी सून. त्या सुनेकडे मग चार शेळ्या, आजारी मेंढरं आणि घराजवळचा माळ. या शेळ्या म्हणजे तिची हक्काची रोकड. पोर आजारी पडलं की एक करडू बाजारात जातं. माळ गेला तर पहिल्यांदा जातं ते हे. नवऱ्याची मेंढरं दहा मैल लांब जाऊ शकतात. घरी राहिलेल्या बाईच्या शेळ्या घरापासून लांब जाऊ शकत नाहीत.

मंगोलियात आणि टांझानियात

हा आपल्याकडचाच प्रश्न आहे असं नाही. मंगोलियाचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. पस्तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, जनावरं त्याच्या कित्येक पट. तिथल्या 1992 च्या संविधानाने चराऊ कुरणं खाजगी मालकीत देता येणार नाहीत असं ठरवलं. कुरण सगळ्यांचं, मालकी राज्याची. मेंढपाळ कुटुंबाला कागद मिळू शकतो तो हिवाळ्या-वसंतातल्या तळाच्या जागेचा, जिथे थंडीत जनावरांचा गोठा असतो. हा ताबा-दाखला साधारण कुटुंबप्रमुखाच्या नावाने होतो, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे बहुतेक घरांत नवरा.

गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की मंगोलियात मुली मुलांपेक्षा जास्त शिकतात. मुलगा जनावरांमागे राहतो, मुलगी शाळेत आणि पुढे विद्यापीठात जाते. तरीही तळाचा कागद नवऱ्याच्या नावाने. शिक्षणाने जमिनीवरचा हक्क आपोआप येत नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं.

गोबी वाळवंटाच्या दक्षिण भागात ओयू तोल्गोई ही तांबं आणि सोन्याची प्रचंड खाण आहे. 2012 मध्ये तिथल्या मेंढपाळांनी जागतिक बँक गटाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे तक्रार केली: कुरण आणि पाणी गेलं, उंदाई नदीचा प्रवाह वळवला गेला, भरपाई अपुरी. पाच वर्षांच्या वाटाघाटींनंतर 2017 मध्ये मेंढपाळ, स्थानिक प्रशासन आणि कंपनी यांच्यात करार झाले. पाच वर्षं भांडून काहीतरी पदरात पडलं ते लोक एकत्र राहिले म्हणून. पण अशा ठिकाणी भरपाईचा आधार काय धरतात याकडे लक्ष द्या: तळाचा दाखला कुणाचा आणि जनावरं कुणाच्या नावाने मोजलेली. कागद एका नावाचा असला की पैसाही एकाच नावाने येतो. पुढे नवरा-बायको वेगळे झाले किंवा ती विधवा झाली की तिच्या हाती काय, हे विचारायला कुणी उरत नाही.

टांझानियात मासाई लोकांच्या चराऊ भागात, सिमांजिरो जिल्ह्यातल्या मिरेरानीला, टांझानाइट हे निळं रत्न सापडतं. जगात दुसरीकडे ते सापडत नाही. 2018 मध्ये सरकारने खाणींभोवती सुमारे 24 किलोमीटरची भिंत बांधली. टांझानियाच्या 1999 च्या ग्राम-भूमी कायद्यात स्त्री-पुरुषांना सारखे हक्क आहेत, आपल्यापेक्षा स्पष्ट शब्दांत. पण मासाई रीतीत गाईच्या दुधावर बाईचा अधिकार आणि गाय विकायचा अधिकार पुरुषाचा. कुरण आटलं की आधी दूध आटतं, म्हणजे बाईच्या वाट्याचं आधी जातं. गाय विकली तर पैसा पुरुषाच्या हाती. कायदा चांगला असूनही तोटा कुणीकडे झुकतो ते यात दिसतं.

गायरानाचा कागद

आता आपल्याकडे येऊ. कुठल्याही गावच्या गायरानाचा सातबारा काढून पाहा. भोगवटादाराच्या जागी ‘सरकार’ असं लिहिलेलं असतं आणि इतर हक्कात ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’. बाकी कागद कोरा. कुणाची जनावरं चरतात, किती, कोणत्या महिन्यात, पाणवठा कुठला, वाट कुठून, काही नाही. एका शब्दात शेकडो लोकांचा वापर कोंबलेला आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची आहे. तिचं कलम 22 गायरान राखून ठेवायची तरतूद करतं. नंतर आलेलं कलम 22-अ सांगतं की गायरान सहजासहजी दुसऱ्या कामाला वळवायचं नाही. सार्वजनिक कामाला दुसरी योग्य जागा नसेल तरच त्याचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं सगळ्या राज्यांना बजावलं होतं. इथपर्यंत मेंढपाळाच्या बाजूचंच वाटतं.

पण याच संहितेचं कलम 23 वाचा. गायरानात चराईचा हक्क त्या गावच्या, म्हणजे ज्या गावासाठी ते राखलं त्या गावच्या जनावरांपुरता. आटपाडीचा वाडा कऱ्हाडच्या बाजूला गेला तर तिथल्या गायरानात त्याला हक्क नाही. गाव चरू देतं ते ओळखीने, कधी पैसे घेऊन, कधी हाकलूनही देतं. फिरणं हाच ज्याचा धंदा त्याचा हक्क घरच्या गावाच्या शिवेवर संपतो. माझ्या मते मेंढपाळांच्या बाबतीत आपल्या महसूल कायद्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो.

वनजमिनीवर परिस्थिती थोडी वेगळी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचे चराईचे, ऋतूनुसार ये-जा करण्याचे हक्क स्पष्ट नोंदवले आहेत, आणि वैयक्तिक वनहक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं सांगितलं आहे. अडचण अशी की आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. सतत फिरणाऱ्या माणसाने ती कशाने दाखवायची?

खाण येते कशी

दगड, मुरूम, वाळू, माती यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात. ‘गौण’ हे त्याच्या नियमनापुरतं. खणलेला खड्डा काही गौण नसतो. केंद्राच्या 1957 च्या खाण कायद्याने गौण खनिजाचे नियम करायचं काम राज्यांकडे दिलं, आणि आपल्याकडे त्याचे 2013 चे नियम आहेत. महसूल संहितेच्या कलम 48 नुसार जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा. वरची जमीन तुमची, खालचा दगड सरकारचा. उपसायचा तर परवाना घ्यायचा आणि ब्रासवर स्वामित्वधन (रॉयल्टी) भरायचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चोरून उपसला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त करायची तरतूद.

इथे एक मोठी फट आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. सरकारने एखाद्या प्रकल्पासाठी जमीन संपादित केली तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो. तो कायदा खरंच चांगला आहे. सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना चराऊ जमीन, गुरांचं पाणी, सार्वजनिक तळी यांच्यावर काय परिणाम होईल ते पाहा, असं त्यात लिहून ठेवलं आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो तिच्यावर पोट भरतो तोही ‘बाधित’. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब मानायच्या.

पण दगडखाण भूसंपादनाने येत नाही. ती येते परवान्याने किंवा खाणपट्ट्याने. सरकारी जागा असेल तर लिलावाने, खाजगी असेल तर मालकाच्या संमतीने. जमीन कुणाकडून ‘घेतली’ जात नाही, म्हणून बाधित कुणी ठरत नाही, म्हणून सामाजिक परिणामांचा अभ्यासही नाही. पर्यावरण मंजुरीचा धागा उरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी असं सांगितलं. मात्र पाच हेक्टरांपर्यंतच्या सुट्या खाणीला सहसा जनसुनावणी लागत नाही. आपल्याकडच्या खाणी या मापातल्याच जास्त. एकेक छोटी. एका माळावर अशा तीन-चार झाल्या की माळ संपतो.

माळ संपतो म्हणजे काय होतं, तेही सांगतो. क्रशरची भुकटी आजूबाजूच्या गवतावर बसते आणि भुकटीचं गवत मेंढरू हुंगून सोडून देतं. सुरुंगाच्या आवाजाला गाभण मेंढ्या बिथरतात. ओढ्याकडे जाणारी वाट डंपरची होते. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचतं, काठ उभा तुटलेला असतो. पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येत नाही, आणि पोरांचंही तसंच. पहाटे उठून लांब जाणाऱ्या बायांना अनोळखी ड्रायव्हर-ऑपरेटरांच्या वस्तीवरून जावं लागतं, मग सासू म्हणते पोरीला नको पाठवू, आणि पोरीची शाळाही त्याच वाटेवर असली तर तीही सुटते. खाणीवर काम मिळतं ते पोकलेन, डंपर चालवणाऱ्या पुरुषांना. दगड फोडायला येतात त्या वडार समाजाच्या बाया, त्यांच्या हातांना ना विमा ना हजेरीपत्रक. वाड्यावरची बाई आणि घण मारणारी बाई एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दोघीही त्याच माळावर राबतात आणि दोघींचंही नाव कागदावर नाही.

खाणीच दोषी आणि बाकी सगळं ठीक, असंही मी म्हणत नाही. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं आणि पडीक रानात डाळिंब-द्राक्षं आली. त्या शेतकऱ्याने चार पिढ्या दुष्काळ सोसला होता, त्याचं पाणी कुणी मोजून काढू नये. वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगावच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. प्रत्येकाने माळाचा एकेक तुकडा घेतला, आणि माळ कुणाच्या नावावर नसल्याने कुणी ‘आमचा’ म्हणून उभं राहिलं नाही.

घरातला सातबारा

मेंढपाळ कुटुंबाकडे थोडी जिरायत असते, एकर-दोन एकर, तीही भावाभावांत. तिथल्या मुरमावर ठेकेदाराची नजर पडते. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो, दुष्काळाच्या वर्षात रोख पैसा दिसतो, घरधनी हो म्हणतो. वरची हातभर माती गेली की ते रान पुन्हा पिकत नाही, गवतही नीट येत नाही.

या व्यवहारात घरातल्या बाईला विचारायचं की नाही, हे सातबाऱ्यावर ठरतं. खाजगी जमिनीच्या अर्जाला सहखातेदारांची संमती जोडावी लागते. तिचं नाव भोगवटादार म्हणून असेल तर तिच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही. म्हणून नाव लागणं हा मानापानाचा विषय नाही. तो नकार देण्याचा अधिकार आहे.

नाव लागायचे रस्ते तीन. मुलगी म्हणून: महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बायको म्हणून: सासरच्या वडिलोपार्जित जमिनीत तिला जन्माने काही मिळत नाही, नवऱ्यामागे वारस म्हणून मिळतं. नवरा हयात असताना नाव लावायचं तर लक्ष्मीमुक्ती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने स्त्रियांच्या प्रश्नावर 1986 मध्ये चांदवडला मोठं अधिवेशन घेतलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि 1992 मध्ये सरकारने परिपत्रक काढलं की नवऱ्याने तहसीलदाराकडे अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येईल. ते आजही वापरता येतं. तिसरा रस्ता विधवा म्हणून, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. जुन्या सातबाऱ्यांवर भावाचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागतं आणि विधवा, बहिणी, मुली ‘इतर हक्कात’ ढकलल्या जातात. इतर हक्कातल्या नावाला संमती विचारायची सवय कुणाला नाही. ही नोंद दुरुस्त करून घेता येते, आणि करून घ्यायलाच हवी.

आणि हक्कसोडपत्र. भाऊ वाड्याबरोबर सात-आठ महिन्यांनी घरी येतो, बहिणीला साडी-चोळी करतो आणि तालुक्याला सही करायला नेतो. भावाचं नातं तुटू नये म्हणून ती सही करते. तिच्या माहेरच्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. पण सही करण्याआधी तिला निदान एवढं कळलं पाहिजे की त्या रानाखालचा मुरूम उद्या विकला जाऊ शकतो.

येरळेची वाळू

आपल्याच सांगली जिल्ह्यात खनिजाचा हिशोब वेगळ्या तऱ्हेने मांडून दाखवलेला आहे, आणि त्याची आठवण मला पुन्हा पुन्हा येते. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळ होता आणि येरळा नदीतून ठेकेदार वाळू उपसत होते. वाळू गेली की नदीचं पात्र पाणी धरत नाही, काठच्या विहिरी आटतात. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी, भारत पाटणकर आणि मुक्तिसंघर्ष चळवळीच्या साथीने, हा उपसा थांबवायची मागणी केली आणि नदीची थोडी वाळू गावाच्या कामासाठी आम्हालाच विकू द्या म्हणाले. त्या पैशाच्या आधाराने लोकांच्या श्रमाने बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. त्यातल्या पाण्याच्या वाटपात भूमिहीनांचाही वाटा धरला गेला. जमीन नाही म्हणून पाणी नाही, हे गणित तिथे मोडलं.

त्याच पट्ट्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांच्या हक्काचं काम करत होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाची जागा हवी, ही मागणी आज भूसंपादन कायद्यात ‘स्वतंत्र कुटुंब’ म्हणून लिहिलेली दिसते. खाणीच्या बाबतीतही ती लागू करायला हवी.

आज खाणींमधून जो पैसा येतो त्याचा एक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जातो. केंद्राने 2015 मध्ये खाण कायद्यात बदल करून ही व्यवस्था आणली. खाणबाधित भागासाठीच हा निधी आहे, आणि त्याचा निदान 70 टक्के भाग पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा कामांना द्यायचा असं सूत्र आहे. तुमच्या गावाजवळ क्रशर असेल तर गावाचं नाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येतं. या निधीतून माळावर गुरांचा पाणवठा, सोडून दिलेल्या खड्ड्याला कुंपण आणि काठाला उतार, जनावरांचा फिरता दवाखाना एवढं जरी मागितलं तरी वाड्यांना त्याचा थेट उपयोग होईल.

कोणत्या ग्रामसभेत बोलायचं

बहुतेक गावांत ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. मेंढपाळांचं वर्ष त्यावर ठेवून पाहा. जानेवारीत आणि मे महिन्यात वाडे बाहेर. ऑक्टोबरात निघायची गडबड. घरी असतात ते ऑगस्टला. खाणीचा, गायरानाचा ठराव जानेवारीत मंजूर झाला तर ज्यांचं नुकसान त्यातलं कुणी सभेत नसतं, आणि इतिवृत्तात ‘कुणाची हरकत नाही’ असं लिहिलं जातं.

म्हणून 15 ऑगस्टची सभा धरायची. आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. अनेक गावांत ती कागदावर उरकतात. ती खरोखर भरवायची मागणी सरपंचाकडे लेखी द्यावी. आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, सरपंच बाई असण्याचीही शक्यता मोठी. त्या सभेत बायांनी आपल्या तोंडाने सांगावं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) लिहून घ्यावं: गायरानाचा गट नंबर, कोणत्या महिन्यांत कुणाची किती जनावरं चरतात, शेळ्या कुणाच्या, पाणी कुठल्या ओढ्याचं, वाट कुठल्या बांधावरून. पाऊस पडत असताना, गवत हिरवं असताना मोबाइलवर माळाचे फोटो काढून ठरावाला जोडावेत. हा वापर एकदा गावाच्या दफ्तरात आला की उद्या पंचनाम्यात ‘पडीक’ लिहिताना त्याच्याशी ताडून पाहायची मागणी करता येते.

ठरावाची शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी, तहसील कार्यालयात एक प्रत देऊन पोच घ्यावी. आणि वाडे हलण्याआधी एक काम करून ठेवावं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. ती नोव्हेंबरात लागली तर वाडा तेव्हा चिपळूणच्या पुढे गेलेला असतो. मुलांबरोबर गावी राहिलेल्या दोघी-तिघींनी आळीपाळीने दर आठवड्याला चावडीवर जाऊन फलक वाचायचा, नोटिशीचा फोटो काढायचा आणि वाड्यावर पाठवायचा. हरकतीचा कोरा अर्ज घरात तयार ठेवायचा, आणि त्याखाली सही त्यांचीच असली तरी चालते.